फुकट आहे, पण सापडणार कशी?

आंतरजालावर फुकट मिळणाऱ्या कादंबऱ्यांचा विषय निघाला की वाद दोन मिनिटांत किमतीवर घसरतो. एक बाजू म्हणते, जे फुकट मिळतं त्याची लायकीही तेवढीच. कोणी छापायला तयार झालं नाही म्हणून तर लेखकानं ते असं उघड्यावर मांडलं. दुसरी बाजू लगेच बाह्या सरसावते: प्रकाशकांची मक्तेदारी मोडली, आता वाचक राजा, फुकट ते पौष्टिक. विज्ञान कादंबऱ्या आणि थरारकथा यांच्याबाबत हा वाद जास्तच चढतो. फुकट प्रसिद्ध होणाऱ्या लेखनात या दोन प्रकारांचा भरणा मोठा, आणि ‘गंभीर’ साहित्याच्या दरबारात या दोघांना पहिल्यापासूनच चपलांशेजारची जागा. दोन्ही बाजूंची भाषणं मी पुरेशी ऐकली आहेत. माझ्या मते दोघंही भलत्याच गोष्टीवर भांडताहेत. पुस्तकाला किंमत लावलेली नाही, यानं काही बिघडत नाही. ते सापडत नाही, इथे सगळं बिघडतं. आणि ते शोधून काढायचं काम आपण वाचकांनी संकेतस्थळांवरच्या शिफारशी करणाऱ्या यंत्राच्या गळ्यात टाकून हात झटकले आहेत.

एका रात्री अशीच एक थरार कादंबरी हाती लागली. हाती लागली म्हणजे काय, दुसरंच काही शोधताना बोट घसरलं. लेखकाचं नाव कधी ऐकलेलं नाही, मुखपृष्ठावर धुक्यातला एक दिवा. बंदरावर रात्रपाळी करणारा एक कारकून, नोंदवहीत नसलेली एक बोट आणि तीन रात्रींत गायब झालेली तीन माणसं. एक प्रकरण वाचून झोपायचं ठरवलं होतं. पहाटे साडेतीनला मोबाइल चार्जरला लावून, वायर पुरत नाही म्हणून पलंगावरून खाली उतरून भिंतीला टेकून बसले होते आणि एकेचाळिसावं प्रकरण वाचत होते. कारकून नोंदवही उघडतो, तीन सह्यांखालचं चौथं नाव वाचतो, आणि पान संपतं. खाली एकच ओळ: ‘पुढील भाग लवकरच.’ तारीख तीन वर्षांपूर्वीची.

रागावून मी उलटी वर सरकत गेले, तेव्हा एक गोष्ट दिसली. पहिल्या प्रकरणाखाली वाचनांचा आकडा पाच अंकी होता, दहाव्याखाली तीन अंकी, एकेचाळिसाव्याखाली दोन अंकी. म्हणजे लेखकाला रोज सकाळी हाच उतार दिसत असणार. तुम्ही चाळीस प्रकरणं लिहिलीत, त्यांतलं कोणाला काय आवडलं, कोण कुठे कंटाळलं, कोणाला खुनी आधीच कळला, यातलं काहीही तुमच्यापर्यंत आलं नाही. आला तो फक्त घसरत जाणारा आकडा. बेचाळिसावं प्रकरण लिहायला तुम्ही बसला असता का?

फुकटविरोधक इथे म्हणतील, बघा, आम्ही हेच सांगत होतो. छापील पुस्तकाला निदान शेवटचं पान तरी असतं. हा मुद्दा खरा आहे, आणि थरारकथेच्या बाबतीत तर जिव्हारी लागणारा आहे. अपुरी राहिलेली ललित कादंबरी तुकड्यातुकड्यानं वाचता येते. खुनी न सापडलेली रहस्यकथा म्हणजे उत्तर फाडून टाकलेलं कोडं. पण केवळ पैसे आणि नाव असलं की कादंबरी पुरी होते, असंही नाही. 2000 साली स्टीफन किंगनं आपल्या संकेतस्थळावर एक कादंबरी हप्त्याहप्त्यानं द्यायला घेतली. सुरुवातीला हप्त्याला एक डॉलर, तोही वाचकाच्या इमानावर सोडलेला. उतरवून घेणाऱ्यांपैकी पंचाहत्तर टक्क्यांनी पैसे दिले तरच पुढे लिहीन, अशी अट. चौथ्या हप्त्यापर्यंत पैसे देणाऱ्यांचं प्रमाण निम्म्याच्याही खाली आलं आणि सहाव्या हप्त्यानंतर कादंबरी थांबली, ती थांबलीच. जगातल्या सर्वाधिक खपाच्या लेखकांपैकी एकाचं हे झालं. नावाची ओळख असून हप्त्याची कादंबरी अडते, तर ज्याचं नाव कोणाला माहीत नाही त्याची एकेचाळीस प्रकरणं हाच खरा चमत्कार म्हणायला हवा.

आता दर्जाचा आक्षेप. फुकट मिळणाऱ्या कादंबऱ्यांतल्या बहुतेक वाईट असतात का? असतात. मी पुष्कळ वाचल्या आहेत, तेव्हा हे ऐकीव नाही. ज्या अंतराळयानाला पहिल्या पानावर चार इंजिनं असतात त्याला साठाव्या पानावर सहा फुटतात. गुप्तहेर दर प्रकरणात एकदा आरशासमोर उभा राहून स्वतःचं वर्णन करतो. पण थिओडोर स्टर्जन या विज्ञानकथाकारानं 1950च्या दशकातच याला उत्तर देऊन ठेवलंय. विज्ञानकथांतलं नव्वद टक्के लेखन टाकाऊ असतं, असं टीकाकार म्हणत. तो म्हणाला, बरोबर आहे, पण नव्वद टक्के तर कशातलंही टाकाऊच असतं. टाकाऊ किती आहे, या प्रश्नातून मग काहीच निघत नाही. उरलेले दहा टक्के तुमच्यापर्यंत कसे पोचतात, हे विचारावं लागतं.

छापील जगात ते संपादकाच्या चाळणीतून पोचतात, आणि या चाळणीबद्दल मला मनापासून आदर आहे. चांगला संपादक कादंबरीतून शंभर पानं काढतो आणि लेखकाला ते दहा वर्षांनी पटतं. फुकट लेखनाचे भक्त ‘साभार परत’ आलेल्या हस्तलिखितांची करुण कहाणी सांगताना हे सोयीनं विसरतात, की परत आलेल्यांतली बरीचशी परत येण्याच्याच योग्यतेची असतात. मात्र चाळणीला भोकं ठरावीक मापाची असतात. तिथे दाणा चांगला की वाईट हे ठरतंच, शिवाय तो ओळखीच्या आकाराचा आहे का, हेही ठरतं. अमेरिकन लेखक अँडी वीअरची आधीची हस्तलिखितं प्रकाशकांपर्यंत लेखन नेणाऱ्या एजंटांनी घेतली नव्हती. मग 2009 पासून त्यानं मंगळावर एकट्या राहिलेल्या माणसाची गोष्ट आपल्या संकेतस्थळावर एकेक प्रकरण करून फुकट दिली. पानोपानी रसायनशास्त्र, बटाट्यांचा आणि ऑक्सिजनचा हिशेब, प्रेमप्रकरण नाही, खलनायक नाही. कोणत्या संपादकानं हे छापखान्यात पाठवलं असतं? पण वाचणाऱ्यांत रसायनशास्त्र जाणणारे होते. ते त्याला चुका कळवत आणि तो सुधारत जाई. ‘द मार्शियन’ 2014 साली मोठ्या प्रकाशकाकडून आली आणि पुढल्या वर्षी तिच्यावर चित्रपट निघाला, ते सगळ्यांना ठाऊक आहे. मला महत्त्वाचे वाटतात ते मधल्या वर्षांतले हिशेब तपासणारे बिननावाचे लोक.

रशियन लेखक दिमित्री ग्लुखोव्स्कीचंही असंच. अणुयुद्धानंतर मॉस्कोच्या भुयारी रेल्वेत जगणाऱ्या माणसांची त्याची कादंबरी 2002 साली आंतरजालावर फुकट आली. तिच्या पहिल्या रूपात नायक मरत होता. वाचकांपुढून गेल्यावर ती वाढली, बदलली आणि 2005 मध्ये पुस्तकरूपानं निघाली. आपल्याकडची गोष्ट थोडी वेगळी, पण याच जातीची. जयंत नारळीकरांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत आपली कथा नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली, आपल्याच आद्याक्षरांचा क्रम उलटा करून. नाव बघून कोणी डोकं झुकवू नये, मजकूर वाचून ठरवावं. कथेला बक्षीस मिळालं. तिथे फुकट-विकतचा संबंध नव्हता. कोणीतरी अनोळखी नावाचं लेखन शेवटपर्यंत वाचायला बसलं होतं, एवढीच गोष्ट होती. आंतरजालावरच्या प्रत्येक कादंबरीवर असंच अनोळखी नाव असतं. बसून वाचणारे परीक्षक मात्र नाहीत.

‘तुम्ही जिंकलेल्यांचीच नावं घेताय,’ हा यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप, आणि त्यात मला कुठे फट सापडत नाही. एका वीअरमागे किती हजार बुडाले, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. शिवाय फुकट लिहिणं परवडतं कोणाला? ज्याचं घर दुसऱ्या पगारावर चालतं त्याला. वीअर संगणक आज्ञावली लिहून पोट भरत होता. रात्रपाळी करून, मुलं सांभाळून ज्याला लिहायचंय, त्याला ‘फुकट दे, नाव होईल’ असं सांगणं ही क्रूर थट्टा आहे. फुकट दिल्यानं लेखकाचं भलंच होतं, असा दावा मी म्हणूनच करणार नाही. कधी होतं, कधी नाही. विज्ञानकथाकार कोरी डॉक्टरोनं 2003 साली पहिली कादंबरी छापील आवृत्ती निघाली त्याच दिवशी, कोणालाही प्रत काढून वाटू देणाऱ्या मुक्त परवान्याखाली फुकटही दिली, आणि प्रकाशक बुडाला नाही. दुसरा विज्ञानकथाकार पीटर वॉट्स, त्यानं आपली 2006ची कादंबरी दुकानांत दिसेनाशी होतेय असं पाहून फुकट सोडली. छापील खप त्यानंतर वाढला, असं त्यानंच सांगितलंय, आणि पुढल्या वर्षी ती विज्ञानकथांसाठीच्या ह्यूगो पुरस्काराच्या अंतिम यादीत होती. ही उदाहरणं फुकटच्या बाजूनं दिली जातात. मला त्यांत दुसरंच दिसतं. या दोघांचंही लेखन फुकट होण्याआधीच वाचून बोलणारी माणसं भोवती होती. फुकटपणानं दार उघडलं, पण आत येणाऱ्यांना वाट आधीच माहीत होती.

वाट कोण दाखवतं, यालाच सत्ता म्हणतात. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये ती चार्ल्स म्यूडी नावाच्या माणसाकडे होती. 1842 पासून त्याचं वर्गणीचं वाचनालय होतं आणि त्याच्या खरेदीवर कादंबरीचं नशीब ठरे. कादंबऱ्या तीन खंडांतच निघत, कारण वाचनालयाला ते सोयीचं. एक कादंबरी एका वेळी तीन वर्गणीदारांत फिरते. लेखक मग पाणी घालून तिसरा खंड भरत. म्यूडीला जे अशोभनीय वाटे ते कपाटात येत नसे. जॉर्ज मूरची कादंबरी अशीच अडली, तेव्हा 1885 मध्ये त्यानं वाचकांना तान्ह्या बाळासारखं वागवणाऱ्या या दाईगिरीविरुद्ध जळजळीत पुस्तिका काढली आणि पुढची कादंबरी स्वस्त एकखंडी आवृत्तीत थेट वाचकांपुढे ठेवली. तीन खंडांची चाल 1894 नंतर पाहता पाहता मोडली.

आता म्यूडीच्या जागी शिफारस करणारं यंत्र ठेवून पाहा. त्याला काय मोजता येतं? किती जणांनी उघडलं, किती जण पुढच्या प्रकरणावर गेले, किती वेळ थांबले. मग लेखक तेच लिहू लागतात. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी कोणीतरी दार ठोठावतं. पहिल्या पानावर प्रेत पाहिजेच. आणि कादंबरी संपता कामा नये, कारण संपली की ती क्रमवारीतून उतरते. चीनमधल्या एका मोठ्या संकेतस्थळानं 2003 मध्ये सुरुवातीची प्रकरणं फुकट आणि पुढची अक्षरांच्या हिशेबानं विकत, अशी पद्धत आणली. तिथल्या कादंबऱ्या लाखो अक्षरांच्या झाल्या, यात नवल ते काय? तेव्हा तिसरा खंड भरायला पाणी लागे, आता तीनशेवं प्रकरण भरायला लागतं. म्यूडीशी निदान भांडता येत होतं. यंत्राविरुद्ध पुस्तिका काढलीत तर तीही त्याच यंत्राच्या मर्जीनं वाचकाला दिसणार.

त्यात आता मशीननं, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेनं, लिहिलेल्या मजकुराची भर पडली आहे. क्लार्क्सवर्ल्ड हे विज्ञानकथांचं मासिक आंतरजालावर फुकट वाचता येतं आणि लेखकांना मानधनही देतं. फेब्रुवारी 2023 मध्ये त्याला नव्या कथा स्वीकारणं काही काळ बंद करावं लागलं, कारण मशीनकडून लिहवून घेतलेल्या कथा शेकड्यांनी येऊन पडू लागल्या. त्याच वर्षी अॅमेझॉननं प्रकाशकाविना आपलं पुस्तक आपणच काढणाऱ्यांवर मर्यादा घातली: एका दिवसात नवी पुस्तकं फक्त तीन. हे वाचून मी हसले होते. दिवसाला तीन कादंबऱ्या ही मर्यादा म्हणून सांगावी लागते, तिथे ‘आता वाचकच राजा’ म्हणणाऱ्यांनी राजाच्या दरबारात किती गर्दी झालीय ते एकदा मोजावं.

यावर विज्ञानकथेच्याच इतिहासात एक जुना तोडगा पडून आहे. ह्यूगो गर्न्सबॅकनं 1926 साली विज्ञानकथांचं पहिलं मासिक काढलं. कागद हलका, चित्रं भडक, कथा बऱ्याचशा पुन्हा छापलेल्या. पुस्तकं छापणाऱ्यांच्या आणि परीक्षणं लिहिणाऱ्यांच्या लेखी हा रद्दीचाच माल. पण वाचकांची पत्रं छापताना त्यानं त्यांचे पूर्ण पत्ते दिले. एवढ्या साध्या गोष्टीनं चमत्कार केला. अमक्या कथेतल्या रॉकेटचा वेग चुकलाय, असं लिहिणाऱ्या पोराला दुसऱ्या गावातल्या पोरानं थेट पत्र टाकलं, ‘चुकलेला नाही, हे बघ गणित.’ त्यातून मंडळं निघाली, वाचकांनीच चक्रमुद्रित करून वाटलेली नियतकालिकं 1930 पासून आली, 1939 मध्ये न्यूयॉर्कला पहिलं जागतिक संमेलन भरलं. 1953 पासून दिला जाणारा ह्यूगो पुरस्कार याच संमेलनाचे सदस्य मतं देऊन ठरवतात. या साहित्यप्रकाराला समीक्षकांनी उंबऱ्याबाहेर ठेवलं, तर वाचकांनी स्वतःची समीक्षा उभी केली. फुकट मिळणाऱ्या कादंबऱ्यांना आज तेच हवंय. तारे देणं म्हणजे समीक्षा नाही. ‘मस्त, पुढचा भाग कधी?’ यानं लेखकाला बरं वाटत असेल, पण पुढच्या वाचकाला काही कळत नाही.

वाचकावर हे ओझं कशाला, असं विचारलं जातं. तो विरंगुळ्यासाठी वाचतो, त्यानं का राबावं? पण यंत्राच्या यादीतून एकामागून एक कादंबऱ्या उघडून सोडून देण्यात जातो तो वेळही त्याचाच असतो. दहा कादंबऱ्यांची पहिली प्रकरणं वाचण्यापेक्षा एक शेवटपर्यंत वाचून तिच्याबद्दल पाच नीट वाक्यं लिहिणं कमी कष्टाचं आहे, असा माझा अनुभव. मी काय करते सांगते. थरारकथा असेल तर ती पुरी झालीय का, हे आधी बघते. एकदा पोळल्यावर हे शहाणपण आलं. मग पहिलं प्रकरण सोडून मधलंच एखादं उघडते, कारण पहिलं प्रकरण सगळेच घासूनपुसून ठेवतात आणि लेखक खरा कळतो तो मधल्या रटाळ वाटेवर. विज्ञान कादंबरीत एक आकडा पकडते, अंतर, वजन, वेळ, काहीही, आणि तो पुढे टिकतो का ते पाहते. लेखकानं दुसऱ्या कोणाच्या कादंबरीचं कौतुक केलं असेल तर तिकडे जाते. चांगलं लिहिणारे बहुधा चांगलं वाचणारेही असतात. यंत्राच्या दहा शिफारशींपेक्षा असा एक दुवा मला जास्त उपयोगी पडलाय. स्ट्रेंज होरायझन्ससारखी मासिकं फुकट आणि संपादित अशी दोन्ही आहेत. तिथे आवडलेल्या कथाकाराचं नाव धरून पुढे गेलं की कादंबरीपर्यंत पोचता येतं. आणि जे आवडलं ते का आवडलं, कुठे घसरलं, हे लिहून चार जणांना पाठवते. चारच. त्यांतले दोन वाचतात, त्यांतला एक पुढे आणखी कोणाला सांगतो.

त्या बंदराच्या कादंबरीचं शेवटी राहवलं नाही. राग ओसरल्यावर ती पुन्हा पहिल्यापासून वाचली, या वेळी वही घेऊन. अठ्ठाविसाव्या प्रकरणात एक चूक सापडली. ती बोट लागोपाठ तीन रात्री बरोबर सव्वा वाजता, ऐन भरतीला सुटते. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. पहिल्या रात्री सव्वा वाजता असेल, तर तिसऱ्या रात्री ती तीनच्या सुमाराला यायला हवी, आणि कारकुनाची रात्रपाळी तर अडीचला संपते. म्हणजे तिसऱ्या रात्री ती बोट त्यानं पाहिलीच नसणार. मी लेखकाला एवढंच लिहून पाठवलं, वर दोन ओळींत काय आवडलं तेही. नऊ दिवसांनी उत्तर आलं: ‘तुम्ही वेळा मोजून पाहिल्यात?’ बस, एवढंच.

पंधरवड्यानं सहज उघडून पाहिलं तर अठ्ठाविसावं प्रकरण बदललेलं. तिसऱ्या रात्री कारकून घरी जायला निघालाय, सायकलचं कुलूप उघडतोय, आणि मागे पाण्यावर इंजिनाचा आवाज येतो. तो वळून पाहत नाही. बेचाळिसावं प्रकरण अजून आलेलं नाही.